पेट्रोल पंप गेला, टाक्या निघाल्या. पण जागा ‘स्वच्छ’ कधी म्हणायची?

प्रश्न, थोडक्यात: साताऱ्याकडच्या महामार्गालगतची आमची वडिलोपार्जित १८ गुंठे जागा एका तेल कंपनीला पंपासाठी भाडेपट्ट्यावर दिली होती. रस्ता रुंद झाला, पंप बंद पडला, कंपनीने टाक्या काढून नेल्या. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या सल्लागाराने मातीचे तीन नमुने आणि आमच्या बोअरच्या पाण्याचा एक नमुना घेतला. अहवालात ‘ऑइल अँड ग्रीस: बीडीएल’, म्हणजे तेलकट अंश मोजता येण्याइतका नाही, असं लिहून जागा स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला आहे. आता कंपनीला आमच्या सहीचं ‘काही तक्रार नाही’ असं पत्र हवं आहे. एक बिल्डर तळघरात पार्किंग असलेली इमारत बांधायला तयार आहे. पंपाच्या उताराला, साधारण ६० मीटरवर, शेजाऱ्यांची विहीर आहे आणि उन्हाळ्यात पाण्याला रॉकेलसारखा वास येतो असं ते म्हणतात. पत्रावर सही करावी का?

उत्तर:

इतक्यात करू नका. निदान एका मे महिन्याचं मोजमाप हातात येईपर्यंत तरी नाही. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: नमुना ऑक्टोबरचा आणि वास उन्हाळ्यातला. ज्या महिन्यात पाणी सगळ्यात वर असतं त्या महिन्यात घेतलेल्या एकाच नमुन्यावर बेसॉल्टमधल्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळातल्या, जागेचं प्रकरण बंद करता येत नाही. अहवाल लिहिणाऱ्याने लबाडी केली असेलच असं नाही. बऱ्याचदा काम दिवाळीच्या आधी संपवायचं असतं, इतकंच.

आधी त्या ‘ऑइल अँड ग्रीस’कडे बघू, कारण पेट्रोल पंपाच्या अहवालात हा शब्द दिसला की मी पुढचं पान उलटायच्या आधी थांबतो. ही चाचणी कशी होते? पाण्यात आम्ल घालतात, हेक्झेन मिसळून हलवतात, म्हणजे तेलकट अंश हेक्झेनमध्ये उतरतो. मग ते हेक्झेन गरम करून उडवून टाकतात आणि भांड्याच्या तळाशी जे उरेल त्याचं वजन करतात. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, ८० अंशांना. म्हणजे हेक्झेन उडवताना बेंझिनही उडतं, आणि त्याच्या मागोमाग पेट्रोलचा बहुतेक हलका भाग जातो. ही चाचणी खाद्यतेल, वंगण, गिरणीचं सांडपाणी यांच्यासाठी ठीक आहे. पेट्रोल तिला दिसतच नाही. डिझेलसुद्धा अर्धवटच दिसतं. तेव्हा तुमच्या अहवालातला ‘बीडीएल’ हा जागेबद्दल काही सांगत नाही, चुकीची चाचणी निवडली एवढंच सांगतो.

दुसरी गोष्ट, बीडीएल म्हणजे ‘मोजता येणाऱ्या मर्यादेच्या खाली’. पण ती मर्यादा किती? अहवालात आकडा नसेल तर प्रयोगशाळेला लेखी विचारा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. बेंझिनची वेगळी ओळ त्या तक्त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची ५. त्यामुळे ‘आयएस १०५००च्या मर्यादेत’ हे वाक्य खरं असूनही पाण्यात बेंझिन धोक्याच्या कित्येक पट असू शकतं.

किती पट, त्याचा अंदाज कागदावरही येतो. शुद्ध बेंझिन पाण्यात लिटरला साधारण १८०० मिलिग्रॅम विरघळतं. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. मिश्रणातला घटक आपल्या वाट्याच्या प्रमाणातच विरघळतो, तेव्हा पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात बेंझिन साधारण १८ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतं. १० मायक्रोग्रॅमच्या हिशेबात हे १८०० पट झालं. तुमचा पंप जुना आहे आणि जुन्या पेट्रोलमध्ये बेंझिन याहून जास्त असायचं.

वासाचंही असंच फसवं गणित आहे. पाण्यातल्या बेंझिनचा वास माणसाला साधारण १० मिलिग्रॅमला येतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपटीला. शेजाऱ्यांना जो वास येतो तो बहुधा इथिलबेंझिन, झायलिन, टोल्युइन यांचा. हे फार कमी प्रमाणातही नाकाला कळतात. म्हणून वास आला तर तपासायलाच हवं, पण वास नाही म्हणून पाणी चांगलं असं मानता येत नाही.

आता मे आणि ऑक्टोबरचा फरक. पेट्रोलची घनता पाण्याच्या साधारण पाऊण पट, त्यामुळे ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं. आपल्याकडे ही पातळी वर्षभरात काही मीटर खालीवर होते. समजा तुमच्याकडे ऑक्टोबरात पाणी ३ मीटरवर आणि मेअखेर ९ मीटरवर असतं. पेट्रोल पाण्याबरोबर खाली उतरतं, वाटेत मुरमाच्या छिद्रांना आणि भेगांना माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा सगळं पेट्रोल वर येत नाही. बरंचसं थेंबाथेंबाने छिद्रांत अडकून पाण्याखाली राहतं. ३ ते ९ मीटरचा पट्टाच्या पट्टा असा माखलेला असतो. ऑक्टोबरात निरीक्षण विहिरीत बेलर (नमुना काढायची नळी) सोडला तर वर एक थेंब तेल दिसत नाही, कारण ते पाण्याखाली कोंडलेलं आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की अडकलेलं पेट्रोल निथळून विहिरीत उतरतं आणि त्याच ठिकाणी बोटभर थर तरंगताना दिसतो. शेजाऱ्यांचा उन्हाळ्यातला वास या चित्रात चपखल बसतो.

याची उलटी बाजूही असते. जुलैत पाणी पहिल्यांदा वर चढतं तेव्हा उथळ, माखलेल्या मातीला ताजं पाणी लागतं आणि विरघळलेलं बेंझिन अचानक वाढतं. ज्या विहिरीत मे महिन्यात फारसं काही नव्हतं तिथे जुलैअखेर आकडा उसळतो. म्हणून मी चार फेऱ्या मागतो: मेअखेर, जुलैअखेर, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. फेब्रुवारीची फेरी टाळायची नाही, कारण रब्बीला आजूबाजूच्या विहिरींचा उपसा जोरात असतो आणि तो दूषित पाणी त्या विहिरींकडे ओढतो. प्रत्येक फेरीत पाण्याची पातळीही मोजायचीच. पातळीशिवायचा रासायनिक आकडा मी वाचत नाही.

खडकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण परदेशी मार्गदर्शिका जशाच्या तशा उचलल्या की इथेच गडबड होते. कॅलिफोर्निया राज्याने २०१२ मध्ये भूमिगत टाक्यांच्या गळतीची प्रकरणं बंद करण्याचं एक धोरण मंजूर केलं. दूषित पाण्याचा पट्टा १०० फुटांच्या आत असेल, तरंगतं तेल नसेल, पट्टा वाढत नसेल आणि पाणीपुरवठ्याची विहीर पट्ट्याच्या टोकापासून २५० फुटांपलीकडे असेल, तर भूजलापुरतं प्रकरण कमी धोक्याचं मानून बंद करता येतं. त्यामागे १९९५ मधला लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा अभ्यास आहे: बेंझिनचे पट्टे सहसा २५० फुटांपलीकडे जात नाहीत, कारण जमिनीतले जिवाणू ते खाऊन संपवतात. धोरण शहाणपणाचं आहे, मला आवडतं. पण तो अनुभव मुख्यतः गाळाच्या जमिनीतला, जिथे पाणी वाळू-मातीतून सावकाश, सर्व बाजूंनी झिरपतं. आपला दख्खनचा कातळ तसा नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळ कातळ, त्याखाली कधी बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा थर, कधी लाल बोलचा, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीचा, चिकण थर, मग पुन्हा घट्ट काळा दगड. पाणी भेगांतून धावतं. दोन बोअर दहा मीटरवर असतात आणि एकाला बेंझिन लागतं, दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या शेजाऱ्यांची विहीर ६० मीटर म्हणजे २०० फुटांच्या आत आहे. कॅलिफोर्नियाच्या मापानेही तुम्ही नापास, आणि आपल्या कातळात ते माप मुळात अपुरं.

टाक्यांचा खड्डा ही बेसॉल्टमधली आणखी एक भानगड. हा खड्डा म्हणजे खडकात कोरलेला हौद असतो. टाक्या काढल्या, वाळू अर्धीमुर्धी काढली, राडारोडा भरून वरून मुरूम दाबला. पावसाळ्यात हौद भरतो, जुन्या वाळूतलं तेल पाण्यात सुटतं, आणि हौदाच्या भिंतीत जिथे भेग असेल तिथून बाहेर पडतं. तुमच्या सल्लागाराने मातीचे तीन नमुने कुठून घेतले ते नकाशावर दाखवायला सांगा. भरावातून घेतले असतील तर त्यांनी राडारोडा तपासला, जागा नाही. नमुना भरावाच्या खालच्या मूळ मुरमातून, साधारण फूट-दोन फूट आत जाऊन घ्यायचा असतो: प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांखाली, प्रत्येक डिस्पेन्सरखाली (पेट्रोल भरायच्या यंत्राखाली), पाइपच्या वाटेने दर सहा-सात मीटरला, आणि टँकर जिथे रिकामा करायचे त्या तोंडाशी. माझ्या अनुभवात टाकीपेक्षा पाइपचे सांधे जास्त गळतात, आणि टँकरच्या तोंडाशी वर्षानुवर्षं थोडंथोडं सांडलेलं कुणी मोजलेलं नसतं.

इथे जुन्या स्टॉक रजिस्टरचा उपयोग होतो. वडिलांच्या किंवा डीलरच्या कपाटात पडलेलं असेल तर फेकू नका. पेट्रोल उडतं, त्यामुळे थोडी तूट सगळेच धरतात आणि बारीक गळती त्या तुटीत लपते. महिन्याला १०० किलोलिटर विकणाऱ्या पंपावर अर्धा टक्का तूट म्हणजे ५०० लिटर. वर्षाचे ६ हजार. कुणालाही वावगं वाटत नाही. एखाद्या महिन्यापासून तूट वाढून तशीच राहिली असेल, किंवा टाकीत पाणी सापडल्याच्या नोंदी पावसाळ्यातच वाढत असतील, तर टाकीला भोक होतं असं समजा. बाहेर पाणी वर असताना ते आत येतं आणि पाणी खाली गेलं की पेट्रोल बाहेर जातं.

जुन्या माणसांना विचारा, टाक्या कधी हलवल्या होत्या का. पहिला पंप कुठे होता, गाड्या धुण्याचा रॅम्प कुठे होता, काढलेलं इंजिन ऑइल कुठे ओतायचे. देशात शिसंविरहित पेट्रोल २००० साली सक्तीचं झालं. पंप त्याआधीचा असेल तर मातीत शिसंही तपासा. धुण्याच्या रॅम्पजवळ जड तेल आणि धातू. विसरलेली, गाडून टाकलेली जुनी टाकी सापडणं ही काही दंतकथा नाही. मुरमाच्या जमिनीत एक दिवस जेसीबी लावून दोन-तीन चर खणणं हा सगळ्यात स्वस्त आणि बोलका उपाय आहे. निरोगी मुरूम पिवळसर तपकिरी असतो. तेल माखून प्राणवायू संपलेला मुरूम करडा, हिरवट-निळसर पडतो, आणि चराच्या भिंतीवर हा पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसतो. तिथली मूठभर माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, ढेकळं पिशवीतच फोडायची, दहा मिनिटं ठेवायची आणि पिशवीला भोक पाडून पीआयडी या वाफ मोजणाऱ्या यंत्राची नळी आत घालायची. आलेला आकडा प्रयोगशाळेचा पर्याय नाही, पण कुठला नमुना पाठवायचा ते तो सांगतो. जुन्या खड्ड्याजवळ खणताना ज्वालाग्राही वायूचा मीटर चालू ठेवा आणि विडी-सिगारेट लांब. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के झाली की पेट घेते.

नमुने नेण्याच्या बाबतीत मी कटकट्या आहे आणि तुम्हीही व्हा. पेट्रोलच्या तपासणीसाठी माती पॉलिथिनच्या पिशवीत घालून एसटीच्या पार्सलने पाठवली तर प्रयोगशाळेत पोहोचते ती फक्त माती. चार ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना करणं तर अक्षम्य. कालवताना बेंझिन उडतं आणि उरलेलं सरासरीत दडतं. माती छोट्या नळीने कापून लगेच मिथेनॉल भरलेल्या काचेच्या कुपीत जायला हवी. पाणी ४० मिलिलिटरच्या कुपीत, थोडं आम्ल घालून, एकही बुडबुडा राहणार नाही असं काठोकाठ. कुपी उलटी करून बघायची. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची. सगळं ४ अंशांना, बर्फात, आणि दोन आठवड्यांच्या आत तपासणी. चाचण्या मागताना नावं लिहून द्या: बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलिन, नॅफ्थलिन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन), आणि पेट्रोलच्या व डिझेलच्या पल्ल्यातला एकूण हायड्रोकार्बन वेगवेगळा. पाण्यातल्या बेंझिनची मोजमर्यादा १ मायक्रोग्रॅमच्या आसपास हवी. प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे एवढ्यावर भागत नाही. मान्यता कुठल्या चाचण्यांना आहे ती यादी मागा. एक कोरी कुपी सोबत फिरवून आणायची आणि एक नमुना दोनदा भरून वेगळ्या नावाने द्यायचा. या दोन गोष्टींचा खर्च किरकोळ, पण अहवालावर विश्वास ठेवायचा की नाही ते यावर ठरतं.

तुमच्या बोअरचं पाणी तपासलं हेही मला पटलेलं नाही. शेतीचा किंवा घरगुती बोअर ५०-६० मीटर खोल, वर थोडं केसिंग, खाली उघडा. त्यात चार-पाच भेगांचं पाणी एकत्र मिसळतं आणि उथळ भेगेतलं बेंझिन पातळ होऊन जातं. निरीक्षण विहीर वेगळी करावी लागते: उथळ, साधारण १२ ते १५ मीटर, आणि जाळीचा पाइप असा बसवायचा की ऑक्टोबरची आणि मेची दोन्ही पातळ्या जाळीतच पडतील. लाल बोलचा थर लागला तर तिथेच थांबा. तो फोडला तर वरची घाण खालच्या पाण्यात उतरवण्याचं पुण्य तुमच्या पदरी. आणखी एक इथलं खास: बोअरच्या गाडीचा हातोडा दाबाच्या हवेवर चालतो आणि त्या हवेत वंगणाचं तेल सोडलेलं असतं. खोदल्या दिवशी नमुना घेतला तर त्यात गाडीचं तेल सापडतं, आणि खरं बेंझिन मात्र त्याच हवेने उडून गेलेलं असतं. दोन्ही बाजूंनी खोटं. विहीर धुऊन काढा, निदान दोन आठवडे सोडा, मग अगदी हळू, मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत उपसत, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर झाल्यावर नमुना भरा.

तुमच्या जागेला मी पाच निरीक्षण विहिरी सुचवेन. एक जुन्या टाक्यांच्या खड्ड्याला लागून, एक डिस्पेन्सरच्या जागी, दोन खड्डा आणि शेजाऱ्यांची विहीर यांच्या मध्ये, एक चढाच्या बाजूला तुलनेसाठी. मध्ये दोन यासाठी की एकच घेतली आणि ती भेग चुकली तर सगळाच खेळ फुकट. त्याआधी भोवतालच्या अर्ध्या किलोमीटरमधल्या विहिरी आणि बोअर नकाशावर टिपून घ्या. सातबाऱ्यावर विहिरींची नोंद सापडते, बोअरची बहुधा नाही. त्यासाठी पायपीट करावी लागते. सगळ्या विहिरींच्या पातळ्या एकाच दिवशी मोजल्या की पाणी कुठे वाहतंय ते कळतं. जमिनीचा उतार आणि पाण्याचा उतार बहुतेक वेळा एक असतो, पण जोरात उपसा असलेली एक विहीर तो फिरवू शकते.

मेच्या फेरीत तरंगतं तेल सापडलं तर घाबरून जाऊ नका, आणि थराच्या जाडीवरून गणितंही मांडू नका. भेगेला लागलेल्या विहिरीत हातभर थर दिसतो आणि आत खडकात तेल असतं बादलीभर. विहिरीतलं तेल काढून टाकायचं, ते किती वेगाने परत भरतं ते मोजायचं. त्या वेगावरून तेल उपसून निघण्याजोगं आहे की नुसतं चिकटलेलं आहे ते ठरतं. उपसण्याजोगं असेल तोवर प्रकरण बंद होत नाही, यावर मी तडजोड करत नाही.

चिकटलेलं उरलं असेल तर मात्र मी बराच सैल आहे. हायड्रोकार्बन जमिनीत आपोआप जिरतात, हे खरं आहे. फक्त ते दाखवावं लागतं. जिवाणू आधी प्राणवायू वापरतात, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन बनू लागतो. १ मिलिग्रॅम हायड्रोकार्बन खायला साधारण ३ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. दूषित विहिरीत प्राणवायू आणि नायट्रेट गायब, विरघळलेलं लोह वाढलेलं, आणि पट्ट्याबाहेर ते पूर्ववत, असं दिसलं तर जिरणं चालू आहे. आपल्या शेतीच्या पट्ट्यात युरियामुळे भूजलात नायट्रेट भरपूर, ते इथे योगायोगाने मदतीला येतं. इथेनॉल उलट आडवं येतं. मिश्रित पेट्रोल गळलं तर जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, प्राणवायू संपवतात आणि बेंझिन तसंच पुढे सरकतं. तुमच्या पंपाने शेवटची काही वर्षं इथेनॉलमिश्रित पेट्रोल विकलं असणार, म्हणून वायूच्या तपासणीत मिथेन घालायला विसरू नका.

आता तळघर. माझ्या मते तुमच्या जागेचा सगळ्यात मोठा धोका तोच आहे, आणि अहवालात त्याचा उल्लेखही नसणार, कारण सल्लागाराने जागा जशी पडून आहे तशी तपासली. याच जागेवर जमिनीवर पार्किंगचं शेड किंवा गोदाम उभं राहणार असतं, आजूबाजूला विहीर नसती आणि ४ मीटर खाली थोडं जुनं डिझेल उरलं असतं, तर मी बंद करायला हरकत घेतली नसती. तळघर म्हणजे तुम्ही स्वतः खणून त्या माखलेल्या पट्ट्यात जाणार. खोदताना पाणी उपसणार, तो उपसा उरलेलं तेल आणि शेजारपाजारचं दूषित पाणी तुमच्याकडे ओढणार. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१५ मधल्या मार्गदर्शिकेत पेट्रोलियमच्या वाफांसाठी उभं अंतर सुचवलं आहे: इमारतीचा तळ आणि विरघळलेलं प्रदूषण यांत ६ फूट, तळ आणि तेल यांत १५ फूट निरोगी माती. तेवढ्या मातीत जिवाणू वाफा संपवतात. तळघर खणलं की हे अंतरच उरत नाही. वाफ हवेपेक्षा जड, ती सगळ्यात खाली, लिफ्टच्या खड्ड्यात साठणार, आणि तिथे ठिणगीही असते. पाण्याचे प्लॅस्टिकचे पाइप दूषित मातीतून नेले तर बेंझिन पाइपच्या भिंतीतून आत शिरतं, हेही बिल्डरला सांगा. तळघर वगळून पोडियम पार्किंग, म्हणजे जमिनीच्या वरच्या मजल्यावर पार्किंग, करता येतं का ते आधी बघा. निम्मे प्रश्न नकाशावरच सुटतील.

कायद्याचं थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची नोंद स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाकडून होते, प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्यावर. जमिनीचा वापर शेती, निवासी, व्यावसायिक की औद्योगिक यावर मर्यादा बदलतात, म्हणून अहवालात ‘निवासी’ वापर धरून तुलना करायला लावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात वादासाठी ६ महिन्यांची आणि नुकसानभरपाईसाठी ५ वर्षांची मुदत आहे. ती कधीपासून मोजायची ते वकिलाला आत्ताच विचारा. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. कंपनीला द्यायचं पत्र नकारार्थी नको, सशर्त द्या: चार फेऱ्यांचे निकाल, कच्च्या आकड्यांसह, आणि पुढे दूषण सापडल्यास जबाबदारी त्यांची. पंपाचा परवाना रद्द केल्याची आणि टाक्या वायुमुक्त करून काढल्याची कागदपत्रंही मागा. हा परवाना देणारं केंद्राचं स्फोटक सुरक्षेचं खातं म्हणजे पेसो, त्याचं मुख्यालय नागपूरला आहे.

शेजाऱ्यांशी आजच बोला. वकिली भाषेत नको, नेहमी बोलता तसं. ‘काका, तपासणी होईपर्यंत या विहिरीचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका’ एवढं सांगा आणि त्यांच्या विहिरीचा नमुना पहिल्याच फेरीत, तुमच्या खर्चाने घ्या. पाणी उकळून भागणार नाही. बेंझिन घरातल्या हवेत येईल. गाळ काढायला उन्हाळ्यात विहिरीत माणूस उतरवायची पद्धत आहे. यंदा उतरवू नका. आत विषारी हवा आहे का ते बघायला पेटता कंदील सोडतात, तो तर मुळीच नको.

खोदकाम झालंच तर निघालेली करडी माती शेजारच्या रस्त्याच्या भरावाला जाता कामा नये. ठेकेदार विचारतोच, मुरूम फुकट मिळतोय म्हटल्यावर कोण सोडतो. ती ताडपत्रीवर वेगळी साठवा, तपासा, आणि मर्यादेबाहेर असेल तर घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. तुम्हाला रांजणगाव जवळ पडेल. कमी दूषित असेल तर मंडळाच्या परवानगीने जागेवरच ढीग करून, हवा, ओलावा आणि खत देऊन जिवाणूंकडून साफ करता येते, त्याला काही महिने लागतात. उपसलेलं पाणीही नाल्यात सोडू नका. प्रत्येक ट्रकच्या मॅनिफेस्टची (कचरा कुठून कुठे गेला त्या वाहतूक-पत्राची) प्रत स्वतःकडे ठेवा, बिल्डरकडे नको.